संख्याशास्त्राचा पेपर आणि आमचा मीडिया सेल

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी संख्याशास्त्र शिकवते. नमुना वितरण, विश्वास अंतराल, परिकल्पना चाचणी, म्हणजे थोड्यांच्या माहितीवरून सगळ्यांबद्दल काय म्हणता येईल ते ठरवण्याचा भाग, एका तासात ऐकून सगळ्यांच्या गळी उतरत नाही. वर्गात माना डोलावणारी मुलं परीक्षेच्या तोंडावर तेच प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी असतात. म्हणून या भागाचे व्हिडिओ करून ठेवावेत असं विभागात ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं.

महाविद्यालयात मीडिया सेल आहे हे मला ठाऊक होतं. पण प्रोजेक्टर चालू होईना की फोन करायचा ती खोली, याच्या पलीकडे बहुतेक शिक्षकांची तिच्याशी ओळख नसते. या कामाच्या निमित्ताने तिथला कारभार आतून पाहिला आणि माझं एक मत पक्कं झालं. शिकवणं समोरच्यापर्यंत कसं पोचतंय, हे ऐकणाऱ्याच्या बाजूने बघायची सवय ज्यांच्या अंगात मुरलेली आहे, अशी माणसं आमच्या आवारात सगळ्यात जास्त त्या खोलीत आहेत. आम्ही शिक्षक फळ्याच्या बाजूने विचार करतो. ती माणसं शेवटच्या बाकाच्या बाजूने करतात.

सुरुवात एका अर्जाने झाली. विषय, घटक, किती व्हिडिओ, कधी हवेत, हे रकाने अपेक्षित होते. त्यांच्याखाली मात्र असे प्रश्न होते की अर्ज तसाच घेऊन मला परत यावं लागलं. विद्यार्थी हे कशावर पाहणार? त्यांच्याकडे इंटरनेट कसं आहे? वर्गात कमी ऐकू येणारं किंवा कमी दिसणारं कुणी आहे का? व्हिडिओ किती वर्षं वापरायचा विचार आहे? आणि शेवटचा प्रश्न: हा व्हिडिओ पाहून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे?

मी वर्गात विचारलं. बहुतेकांनी फोन सांगितला, आणि पाहायची वेळ म्हणजे येता-जाता, कानात इअरफोन घालून. एक मुलगी श्रवणयंत्र वापरते, हे तिने तास संपल्यावर थांबून मला सांगितलं. सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाले होते आणि ती रोज पहिल्या बाकावर बसत होती. अर्जातल्या त्या प्रश्नामुळे ही गोष्ट विचारली गेली. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात तो रकाना आहे, पण तिथलं उत्तर वर्गावर शिकवणाऱ्यापर्यंत येतंच असं नाही.

पहिल्या बैठकीत माझी योजना साधी होती. पन्नास मिनिटांचा तास आहे तसा चित्रित करायचा. मीडिया सेलच्या, म्हणजे माध्यम कक्षाच्या, प्रमुखांनी एक अभ्यास माझ्यासमोर ठेवला. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांचे ८६२ व्हिडिओ आणि ते पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी तो सलग पाहण्याच्या वेळेचा मध्यक, म्हणजे निम्म्या नोंदी ज्याच्या खाली येतात तो आकडा, सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. संख्याशास्त्राची शिक्षिका असल्यामुळे मी तिथेच हरकत घेतली. पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. शिवाय ते स्वतःहून नाव नोंदवणारे ऑनलाइन विद्यार्थी होते, माझ्या वर्गातल्या मुलांना परीक्षा द्यायची आहे. हरकत त्यांनी मान्य केली. 'सहा मिनिटांचा नियम करू नका मॅडम,' ते म्हणाले, 'पण एका व्हिडिओत एकच प्रश्न सोडवा. मुलगा परत येईल तो त्या एका प्रश्नासाठी येईल.' हा मुद्दा मला पटला. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला विश्वास अंतराल समजून घ्यायचा असेल तर पन्नास मिनिटांच्या फायलीत तो शोधायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. मग घटकांची फोड प्रश्नांच्या हिशोबाने केली. 'नमुना बदलला की सरासरी का बदलते', 'नमुना चौपट केला तर प्रमाण त्रुटी निम्मी का होते', अशी. (प्रमाण त्रुटी म्हणजे नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलते त्याचं माप.) काही व्हिडिओ पाच मिनिटांचे झाले, एक-दोन तेरा-चौदापर्यंत गेले. ते तसेच ठेवले.

खोली ठरवण्यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. माझ्या डोक्यात सभागृह होतं. पडदा मोठा, दिवे चांगले. कक्षातले ज्येष्ठ तंत्रज्ञ मला तिथे घेऊन गेले, मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एकदाच जोरात टाळी वाजवली. टाळी संपली तरी तिचा आवाज भिंतींवरून फिरत राहिला. 'तुमचं प्रत्येक वाक्य असं फिरणार,' ते म्हणाले. मग मला ग्रंथालयाच्या मागच्या एका छोट्या खोलीत नेलं. पुस्तकांनी भरलेली कपाटं, जाड पडदे, खाली जाजम. तिथे टाळी जागच्या जागी विरली.

मग त्यांनी कारण सांगितलं. बोलण्यातला जोर मुख्यतः स्वरांमध्ये असतो आणि तो खालच्या कंप्रतांमध्ये, म्हणजे खर्जाच्या बाजूला. शब्द ओळखता येतो तो मात्र बराचसा व्यंजनांमुळे, आणि स, श, त यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा मुळातच थोडी आणि दोन हजार हर्ट्झच्या वर पसरलेली. खोली घुमायला लागली की आधीच्या स्वराचा शेष पुढच्या व्यंजनावर येऊन पडतो आणि व्यंजन झाकलं जातं. मी लगेच माझ्या विषयातलं उदाहरण मनात धरलं. 'वीस' आणि 'तीस' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा आहे. गोष्ट सांगताना असं एखादं व्यंजन हरवलं तर संदर्भाने कळतं. नमुन्याचा आकार सांगताना हरवलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसाला तर घुमणारी खोली फारच जड जाते, कारण यंत्र बोलण्याबरोबर घुमाराही मोठा करतं.

अमेरिकेत वर्गखोल्यांच्या ध्वनीसाठी एएनएसआय एस १२.६० नावाचं मानक आहे. साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आणि घुमारा ०.६ सेकंदाच्या आत असावा असं ते सांगतं. घुमारा मोजायचा म्हणजे आवाज थांबल्यापासून तो ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ मोजायचा. तंत्रज्ञांनी फोनवरच्या साध्या ॲपने दोन्ही खोल्यांचा अंदाज घेतला. तो काटेकोर नव्हता, पण सभागृह बाद ठरवायला पुरेसा होता.

माइकचं गणितही मी त्यांच्याकडूनच शिकले आणि आता ते वर्गात लॉगॅरिदमचं उदाहरण म्हणून वापरते. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीसेक सेंटिमीटरवर असतो. कॅमेरा समजा ३ मीटर २० सेंटिमीटरवर आहे. वीसचे चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबलचा फरक. खोलीतला पंखा आणि घुमारा मात्र दोन्ही जागी जवळपास तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावरच्या माइकने घेतलेलं बोलणं विहिरीतून आल्यासारखं का वाटतं त्याचं उत्तर एवढ्या बेरजेत आहे. मला याबद्दल मनापासून वाटतं ते सांगते. महाविद्यालयं महागडा कॅमेरा घेतात, त्याचं उद्घाटन करतात आणि माइकसाठी पैसे उरत नाहीत. चित्र थोडं धूसर असलं तरी विद्यार्थी पाहत राहतो. आवाज खराब असेल तर दोन मिनिटांत बंद करतो. पैसे थोडेच असतील तर ते आधी आवाजावर खर्च व्हायला हवेत.

रेकॉर्डिंगच्या आधी त्यांनी मला एका तालमीला बसवलं. स्लाइड पडद्यावर होती, मी बोलत होते, आणि एडिटिंग सांभाळणारी तरुण सहकारी पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून, हेडफोन लावून बसली होती. मध्येच तिने हात वर केला. 'मॅडम, "हे इथून इथे सरकलं" म्हणजे काय कुठून कुठे सरकलं?' पडद्यावर दिसत होतं की वक्राचं शिखर डावीकडून उजवीकडे गेलंय. ती म्हणाली, तेच तोंडाने बोला. आम्ही तो भाग परत केला. 'वक्राचा आकार तसाच राहिला, पण त्याचं शिखर ५० वरून ५५ वर आलं.' वाक्य आठ शब्दांनी वाढलं. त्यात डोळ्यांनी न दिसणाऱ्याची सोय झाली, चालत्या बसमध्ये फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्याची झाली, आणि मला विचाराल तर समोर बघत बसलेल्याचीही झाली, कारण नेमकं काय बघायचं ते त्याला कळलं. 'हे', 'इथे', 'असं' हे शब्द त्या दिवसापासून मी वर्गातही जपून वापरते.

स्लाइडचं काम त्या मानाने लवकर उरकलं. पांढऱ्यावरची लाल अक्षरं काढली. वेबवरच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेड-अंधाराचा फरक किमान ४.५ ला १ असावा लागतो. शुद्ध लाल रंग पांढऱ्यावर ४ ला १ च्या आसपासच जातो. लाल आणि हिरव्या रंगातले दोन वक्र होते, त्यांतला एक तुटक रेषेचा केला, कारण हा फरक न दिसणारी मुलं वर्गात असू शकतात आणि ती आपणहून सांगत नाहीत. अक्षरं मोठी केली. फोन हातभर अंतरावर धरून वाचता येतं का, हीच कसोटी.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा दिवस संथ असतो, हे आधीच कुणी सांगितलं तर बरं. बारीक रेघांचा कपडा नको, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात. एसी बंद, पंखा बंद, फोन खोलीच्या बाहेर. माइक लावला, वायर आतून घेतली, मी मान वळवल्यावर खरखर येते का ते पाहिलं. आवाजाची पातळी अशी ठेवली की मोठ्यात मोठा शब्द उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. रेकॉर्डिंगच्या मोजपट्टीवर शून्य ही कमाल पातळी. तिला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर काही केल्या नीट होत नाही. कमी पातळीवर घेतलेला वाढवता येतो. मग सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड केली. ती शांतता पुढे एडिटिंगमध्ये कामाला येते. दोन वाक्यांमधला खोकला कापला की तिथे पूर्ण शून्य राहतं आणि कानाला खड्डा जाणवतो. तो त्या खोलीच्या शांततेने भरायचा.

लिहून वाचावं की मुद्दे समोर ठेवून बोलावं, यावर आमचा वाद झाला. कक्षप्रमुखांना संहिता हवी होती, कारण तिच्यावरून कॅप्शन सोपे होतात. वाचायला लागले की माझा आवाज सपाट होतो. शेवटी व्याख्या आणि निष्कर्ष शब्दशः लिहिले, उदाहरणं मोकळी ठेवली. अडखळले तर थांबायचं, दोन सेकंद जाऊ द्यायचे आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. अर्ध्या वाक्यातून उचललं तर सांधा कळतो.

कॅप्शनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे सर्वांत जास्त कष्ट आहेत आणि ते कुणाच्या नजरेला येत नाहीत. आता सॉफ्टवेअर आवाजावरून आपोआप मजकूर तयार करतं. पहिली प्रत बघून मला वाटलं काम झालंच. वाक्यं जवळपास बरोबर होती. तपासायला बसलेल्या सहकारीने एक ओळ माझ्यापुढे केली. मी बोलले होते, 'या पुराव्यावरून शून्य परिकल्पना (म्हणजे फरक काहीच नाही हे गृहीतक) फेटाळता येत नाही.' कॅप्शन होतं, 'शून्य परिकल्पना फेटाळता येते.' शेवटचे शब्द मी जरा खालच्या आवाजात सोडले होते आणि यंत्राने त्यांचं आपल्या परीने नीट वाक्य बनवलं. व्याकरण शुद्ध, अर्थ उलटा. ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानात बरोबर वाक्य गेलं असतं. श्रवणयंत्र वापरणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने मात्र वाचलेलं खरं मानलं असतं, आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहिलं असतं. तिला चूक कळायला काही मार्गच नव्हता.

म्हणून त्या कक्षात एक रिवाज आहे. आपोआप झालेलं कॅप्शन कच्चा खर्डा मानायचा, आणि विषय शिकवणाऱ्याने तो एकदा पूर्ण वाचल्याशिवाय व्हिडिओ बाहेर जात नाही. तांत्रिक माणूस शुद्धलेखन बघेल, वेळ जुळवेल; पण 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' यांची अदलाबदल त्याला कळेलच असं नाही. मी सगळे वाचले. नकार, तुलना, आकडे आणि सूत्रातली अक्षरं, चुका प्रामुख्याने या चार जागी होत्या. म्हणजे संख्याशास्त्रात जे काही महत्त्वाचं, नेमकं तिथेच.

कॅप्शनची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. कुठल्या क्षणी ओळ यावी, कुठल्या क्षणी जावी आणि ती ओळ. वेबव्हीटीटी नावाचा प्रकार आम्ही वापरला. एका वेळी दोन ओळींच्या वर नाही, आणि वाक्य तोडायचं तर अर्थाच्या जोडावर. 'प्रमाण' एका ओळीत आणि 'विचलन' पुढच्या पडद्यावर असं करायचं नाही. डब्ल्यूसीएजीच्या २००८ च्या आवृत्तीपासून रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन असणं ही सगळ्यात खालच्या पातळीची अट आहे, म्हणजे जिथून सुरुवात करायची ती. २०२३ मध्ये २.२ ही आवृत्ती आली, त्यातही ती तशीच आहे.

माझी एक शंका होती. मल्टिमीडियातून शिकण्यावर रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचं काम प्रसिद्ध आहे. चित्र आणि बोलणं असताना तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहिले तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळा होतो, हा त्यांच्या तत्त्वांपैकी एक मुद्दा. मग कॅप्शन म्हणजे तेच नाही का? कक्षप्रमुख म्हणाले, म्हणूनच ते चित्रातच कायमचे छापायचे नाहीत, वेगळे ठेवायचे. ज्याला हवेत तो चालू करेल. आणि स्लाइडवरची लांब वाक्यं काढून टाका, ती मात्र कुणाला बंद करता येत नाहीत. मी अर्ध्याहून जास्त मजकूर काढला. स्लाइडवर आलेख, आकडे आणि एखादं सूत्र एवढंच राहिलं.

फायलींचा आकार हा कंटाळवाणा वाटणारा विषय विद्यार्थ्यांच्या खिशाशी जोडलेला आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिटने साठवला तर ३७५ एमबी होतो. माझ्या व्हिडिओत बराच वेळ स्थिर आलेख आणि कोपऱ्यात माझा चेहरा. तोच ७२० रेषांचा करून सेकंदाला ६०० किलोबिटवर आणला तर ४५ एमबी, आणि फोनवर फरक शोधावा लागतो. नुसता आवाज ६४ किलोबिटला ४.८ एमबी. आम्ही तिन्ही ठेवले आणि प्रत्येकापुढे आकार लिहिला, म्हणजे आपल्याकडे किती डेटा उरलाय ते पाहून मुलं ठरवतील. मूळ, न दाबलेल्या फायली तीन प्रतींमध्ये आहेत, त्यांतली एक वेगळ्या इमारतीत. व्हिडिओ दोन वर्षांनी दुरुस्त करायचा तर मूळ फाईल लागते, हे अर्जातल्या 'किती वर्षं वापरणार' या प्रश्नामागचं कारण मला तेव्हा उमगलं.

आमच्याकडे अभ्यासक्रमाची पानं मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरवर आहेत. मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००२ ची, आणि ते मुक्त स्रोत असल्यामुळे आमचा कक्षच ते सांभाळतो. व्हिडिओ तिथे टाकणं पाच मिनिटांचं काम. नाव काय द्यायचं याला जास्त वेळ लागला. 'युनिट ३ भाग २' या नावाने कुणालाच काही सापडत नाही. आता प्रत्येक व्हिडिओचं नाव त्यात सोडवलेला प्रश्न हेच आहे, आणि खाली पूर्ण संहिता आहे जिच्यात शब्द शोधता येतो. व्हिडिओच्या मध्ये दोन ठिकाणी तो थांबतो आणि एक छोटा प्रश्न विचारतो. याला गुण नाहीत. उत्तरांच्या नोंदी मात्र मी बघते, आणि कुठल्या प्रश्नावर वर्गाचा मोठा भाग चुकतोय ते पाहून पुढचा तास ठरवते. व्हिडिओंचा मला स्वतःला झालेला मोठा फायदा हाच. आधी हे मला सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिकांमधून कळायचं.

एक गोष्ट वर्गातल्या थेट प्रक्षेपणाची. आजारी असलेल्या किंवा येऊ न शकलेल्या मुलांसाठी काही तास आम्ही ऑनलाइनही दाखवतो. घरून ऐकणाऱ्यांची कायमची तक्रार होती की मध्येमध्ये सगळं शांत होतं आणि मग मॅडम कशाचं तरी उत्तर द्यायला लागतात. वर्गातल्या मुलांचे प्रश्न माझ्या माइकपर्यंत पोचतच नव्हते. तंत्रज्ञांनी दोन उपाय सांगितले. छतावर माइक बसवणं खर्चाचं आणि सावकाश होणारं. दुसरा त्याच दिवसापासून करण्यासारखा, प्रश्न आला की तो आपण आपल्या तोंडाने परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. वर्गातल्या मागच्या बाकांनाही पुढच्या बाकावरचा प्रश्न ऐकू गेलेला नसतो, हे मला त्यानंतर मुलांनी सांगितलं.

या सगळ्यात मी त्या खोलीत बरीच बसले आणि त्यांची तक्रारवही पाहिली. सत्राच्या पहिल्या आठवड्यात आणि रोज पहिल्या तासाला फोनांची रांग लागते. तक्रारी त्याच त्या. लॅपटॉपची वायर जुळत नाही, चित्र अर्धंच दिसतं, आवाज येत नाही. तीन माणसं आणि तीन मजले. प्रत्येक वर्गाच्या टेबलावर त्यांनी रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या वायरी आणि एक पानी सूचना ठेवली आहे, त्यातली पहिली ओळ 'आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप' अशी आहे. जोडलेल्या प्रोजेक्टरला कोणतं चित्र चालतं हे काही लॅपटॉपना त्या क्रमाने चालू केलं तरच नीट कळतं. बरेच फोन त्या एका ओळीने वाचतात. ज्या दिवशी सगळं सुरळीत चालतं त्या दिवशी त्यांनी केलेलं काम कुणालाच दिसत नाही, आणि वार्षिक अहवालात त्यांच्या नावावर येतं ते यंत्रांच्या खरेदीचं पान.

मला हे बदललेलं बघायचं आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीत माध्यम कक्षातल्या माणसाला खुर्ची हवी, आणि ती नंतर बोलावून दिलेली नको. मूल्यमापन कसं होणार, प्रात्यक्षिक कुठे होणार, संदर्भ साहित्य कोणत्या स्वरूपात असणार, हे ठरत असतानाच ते कुणापर्यंत पोचणार नाही हे सांगणारं कुणीतरी समोर पाहिजे. आमच्या विभागाने या सत्रापासून तसं सुरू केलं आहे. पहिल्याच बैठकीत त्यांनी आमची प्रश्नसंचाची फाईल उघडली आणि दाखवलं की ती स्कॅन केलेली चित्रं आहेत, स्क्रीनवर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात एक अक्षरही सापडत नाही. वर्षानुवर्षं तीच फाईल मुलांना दिली जात होती. ती आता टंकलिखित होते आहे.

सध्या काम चालू आहे ते आलेखांच्या शब्दांतल्या वर्णनांचं. पुढच्या वर्षी वर्गात येणाऱ्या मुलांपैकी एकाला दिसत नाही, आणि पाठ्यपुस्तकात बॉक्स प्लॉट, म्हणजे मधली निम्मी आकडेवारी पेटीने आणि दोन्ही बाजूंची दांड्यांनी दाखवणारे आलेख, पानोपानी आहेत. एका आलेखासाठी मी लिहिलं, 'किमान १२, पहिलं चतुर्थक २०, मध्यक २४, तिसरं चतुर्थक ३५, कमाल ६०.' डोळे मिटून ऐकणाऱ्या माझ्या त्या सहकारीचं म्हणणं, आकडे आधी आले की चित्र मनात उभंच राहत नाही. तिचं वर्णन असं आहे, 'पेटी डावीकडे आखूड आणि उजवीकडे लांब, उजवी दांडी डावीच्या तिप्पट, म्हणजे थोड्या मोठ्या किमती बाकीच्यांपासून दूर गेल्या आहेत,' आणि त्यानंतर आकडे. माझं म्हणणं, 'म्हणजे' नंतरचा भाग सांगून टाकला तर विद्यार्थ्याने काढायचा निष्कर्ष आपणच काढून दिला. डोळस मुलाला आलेख बघून तो स्वतः काढावा लागतो, मग याला का नाही? ती म्हणते आकार ठेवू, निष्कर्ष वगळू. बहुधा तसंच होईल, पण दोघींनी मिळून ठरवलंय की दोन्ही मसुदे आधी त्या मुलाला ऐकवायचे आणि बॉक्स प्लॉट त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचा. प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात भेटायचं ठरलं आहे.